भाऊबंदकीचं दही

छावणीच्या बाजारात नवा शिपाई दिसला की सारजाबाईला भारी आनंद व्हायचा. जुन्या गिऱ्हाइकांवर तिचे खेळ चालत नसत. नवा माणूस मात्र "दही ताजं आहे का?" असं विचारायचा आणि तिथंच फसायचा. सारजाबाई एक शब्द न बोलता गाडगं उचलायची आणि त्याच्या डोक्यावर पालथं धरायची. इस्त्रीच्या कपड्यातला तो जवान आधी दोन्ही डोळे मिटायचा, मग हळूच एक उघडायचा. गाडग्यातून थेंबसुद्धा पडलेला नसायचा. "आता इचार, ताजं हाय का!" असं म्हणून ती गाडगं सुलटं करायची आणि शेजारचे भाजीवाले पोट धरून हसायचे. ते शिपाई बदली होऊन देशभर गेले, तरी औरंगाबादचं नाव निघालं की अजून डोक्यावर हात ठेवतात, असं ती छातीठोकपणे सांगायची. स्वतःच्या गोष्टी ती दह्यासारख्याच लावायची, चमचाभर खरं आणि बाकी सगळं दूध.

दौलताबादच्या किल्ल्याखालची ही पोर पोलीस ॲक्शनच्या वर्षी सून होऊन छावणीत आली. सासू भागूबाई दह्याचा धंदा करायची, आणि तिच्या विरजणाला छावणीत तोड नव्हती. पुढं धाकट्या दिराचं, कडूबाचं लग्न झालं आणि लक्ष्मीबाई घरात आली. सासू होती तोवर दोघी जावा एका चुलीवर नांदल्या. सासू गेली आणि तेरावं उरकतं न उरकतं तोच भाऊ वेगळे निघाले. भांडी वाटली, गोधड्या वाटल्या, आणि शेवटी वेळ आली विरजणाच्या गाडग्यावर.

विरजणाची वाटणी आजवर कुणी केली नसेल, ती या दोन भावांनी केली. सारजाबाईचा नवरा रामकिसन आणि कडूबा गाडग्यापाशी उकिडवे बसले. एक पळी दादाची, एक पळी कडूबाची, असं करत तळापर्यंत आले, तर एक पळी उरली. ती कुणाची, यावर जे तोंड लागलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. दोघांच्या ओढाताणीत ती पळी फरशीवर सांडली. भाऊ चार दिवसांनी पुन्हा बोलायला लागले, एकत्र विडीही ओढायला लागले. बायका मात्र त्या दिवसापासून एकमेकींशी बोलल्या नाहीत. रामकिसन वारला, तेव्हा लक्ष्मीबाई येऊन शेजारी बसली आणि मनापासून रडली, पण बोलली नाही.

घरं समोरासमोर, मधे जेमतेम हातगाडी जाईल एवढी गल्ली. बोलल्याशिवाय कसं भागायचं? म्हणून सारजाबाई आपल्या शेळीशी बोलायची आणि लक्ष्मीबाई आपल्या मांजराशी. लेकी बोले सुने लागे, ही म्हण त्या गल्लीत शेळी-मांजरावर भागत होती. "शेळे, काही लोकांच्या दारचं पाणी आपल्या दारात येतंय बघ," असं इकडून जायचं, आणि "मने, काही लोकांना डोळे हायेत, झाडू नाय," असं तिकडून यायचं. शेळी बिचारी पाला खात राहायची.

दोघींचं दही एकाच गाडग्यातून निघालेलं, पण इतक्या वर्षांत दोन तऱ्हेचं झालं होतं. सारजाबाईचं घट्ट आणि चांगलंच आंबट. लक्ष्मीबाईचं सैलसर, पण गोड. सारजाबाईच्या लेखी ते दहीच नव्हतं, ते दुधाला आलेलं रडू होतं.

आणि अशात इब्राहीमभाई आले. इब्राहीमभाई दावतीचे भटारी. बिर्याणीची देग त्यांच्याच हातची हवी म्हणून लोक लग्नाची तारीख त्यांना विचारून काढत. त्यांच्या घरी सारजाबाईचंच दही जायचं आणि त्यांची बायको रईसाभाभी घरचं दहीही तिच्याच विरजणानं लावायची. आता त्यांच्या फारूखचं लग्न ठरलं होतं. निकाह जालन्याला, आणि वलीमा, म्हणजे मुलाकडची दावत, इथं छावणीत त्यांच्या अंगणात. भर बाजारात ते सारजाबाईपुढं येऊन उभे राहिले आणि उगाच घसा खाकरू लागले.

"सारजाआपा, बुरा नक्को मानो," ते म्हणाले. "तुमचं दही एक नंबर हाय. पण जरा खट्टा हाय. आमच्या समधीसाहेबांचे दात लई नाजूक. खट्टा खाल्ला की दोन दिन गाल धरून बसतात. वलीम्याचं दही मीठा होना. लक्ष्मीबाईकडनं घेतलं तर चालंल का?"

भाजीवाल्यांचे तराजू थांबले. सारजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ज्या घरात आपलं दही जातं, त्या घरच्या पहिल्या लग्नात लक्ष्मीची गाडगी?

"फारूखच्या वलीम्याला दही माझंच जाईल," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आन गोड जाईल. नाय गेलं, तर ह्या बाजारात पुन्यांदा गाडगं घेऊन बसनार नाय!"

बोलून तर बसली. घरी येईपर्यंत तिच्या लक्षात आलं की गोड दही कसं लावतात, हे आपल्याला ठाऊक नाही. दूध कमी आटवून पाहिलं, विरजण चिमूटभर घालून पाहिलं. दही आंबट ते आंबटच. वर लक्ष्मीबाई ओसरीवर मांजराला सांगत होती, "मने, गोडी आनायची तर आधी जिभंला आनावी लागती."

मग सारजाबाईनं जे केलं, ते सांगताना मला हसू येतं, पण ते करताना तिचा जीव भांड्यात नव्हता एवढं खरं. लक्ष्मीबाईची गाडगी ओसरीवर टोपल्याखाली झाकलेली असत. दुपारी लक्ष्मीबाई घोरायला लागली की सगळ्या गल्लीला कळायचं. त्या घोरण्याच्या भरवशावर सारजाबाई पदराखाली वाटी घेऊन निघाली. मागून शेळीही निघाली आणि नेमकी ओसरीच्या पायरीशी ओरडली.

"गप की गं! पुढल्या वक्ताला तुला आननार नाय," सारजाबाई कुजबुजली.

तिनं टोपलं उचललं, गाडग्याच्या कडेनं चमचाभर दही काढलं, वरचा भाग बोटानं सारखा केला आणि बोट चाटलं. दही गोड होतं. त्याचाच तिला जास्त राग आला. घरी येऊन तिनं देवापुढं हात जोडले आणि खुलासाही दिला. "ही चोरी नाय बरं का. वाटणीतली उरलेली पळी हाय, ती आज घेतली." देवानं काही हरकत घेतली नाही.

तिनं ते दही आपल्या विरजणात कालवलं. आपलं घट्टपण आणि तिचं गोडपण एका जागी आलं की इब्राहीमभाई बोटं चाटतील, असा सरळ हिशेब होता. आणि पहिल्या दिवशी तसंच झालं! दही लागलं, थोडं मऊ, थोडं गोड. सारजाबाई हरखली. तिनं त्याच दह्याचं विरजण सगळ्या गाडग्यांना लावलं, आणि आणखी गोड व्हावं म्हणून दुपारी पुन्हा ओसरीवर जाऊन आली.

पुढच्या पहाटे दही पातळ निघालं. त्याच्या पुढच्या पहाटे ते दही नव्हतंच. ज्यात चमचा उभा राहायचा त्या गाडग्यात चमचा बुडून गेला. नुसतं कोमट दूध, कोपऱ्यात थोडं फुटल्यासारखं. तिला वाटलं गोडी वाढवताना हात आखडला, म्हणून पुन्हा चोरून आणलं, जास्त आणलं. बाजारात एका जुन्या सुभेदारानं गाडगं हलवून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, आज हे माझ्या डोक्यावर धरू नका बरं." भाजीवाले हसले. सारजाबाई पहिल्यांदाच हसली नाही.

आता एवढं झाल्यावर कुणीही विचार केला असता की आपण काहीतरी केलंय. पण चोराच्या उलट्या बोंबा! सारजाबाईनं दाराला लिंबू-मिरची बांधली, दुधावरून मीठ ओवाळलं आणि शेळीला मधोमध गल्लीत उभं करून तोंड सोडलं.

"शेळे, काही लोकांनी माझ्या गाडग्याला हात लावलाय! माझ्या इरजणावर करणी केलीय! मला ठावं हाय कोन ती! माझ्या घरात कोन येतं-जातं, समदं ठावं हाय मला!"

एरवी लक्ष्मीबाईनं मांजराकरवी व्याजासकट परतफेड केली असती. त्या दिवशी ती दारात उभी राहिली, तिचा चेहरा उतरला, आणि ती आत निघून गेली. मांजर बाहेरच राहिलं. झालं, सारजाबाईची खात्रीच पटली. करणी हिनंच केली.

वलीमा आठवड्यावर आला होता. इब्राहीमभाईंची मुलगी वहिदा दह्याचं विचारायला आली. वहिदा विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती, आणि गल्लीच्या मते ती काचेच्या बश्यांमध्ये रोगराई पाळत होती. पोरगी हुशार, आणि खोडकरपणात सारजाबाईच्या तोडीची. तिनं लिंबू-मिरची पाहिली, गाडगी पाहिली, एका गाडग्याचा वास घेतला.

"मावशी, करणी-बिरणी काय नाय. ह्यात दुसऱ्या कुणाचं दही मिसळलंत का?"

"आईच्यान नाय!" सारजाबाईनं कानावर हात ठेवले. "माझं इरजण सासूबाईपासनं सोवळ्यात हाय."

"बरं," वहिदा म्हणाली. तिनं त्या गाडग्यातलं थोडं दही बाटलीत घेतलं. सारजाबाईचं जुनं विरजण तिच्या अम्मीच्या गाडग्यात होतंच, ते घेतलं. मग ती समोर गेली आणि लक्ष्मीबाईकडून पावशेर दही रीतसर विकत घेतलं. जाता जाता एक न लागलेलं गाडगं तिनं सारजाबाईच्या न्हाणीच्या कोपऱ्यात सरकवलं. "हे सांडू नका. दुपारपर्यंत राहू द्या."

दुपारी त्या गाडग्यातलं दूध गपचूप लागलेलं होतं. सैलसर आणि गोड. सारजाबाईला ते पाहून भीतीच वाटली.

दोन-तीन दिवसांनी वहिदा एका मोठ्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या बश्या घेऊन आली. तसं त्या बाहेर न्यायची परवानगी नसते, पण सारजाबाईला विद्यापीठात न्यायची त्याहून नव्हती. पहिली बशी तिनं उजेडात धरली. सगळ्या बशीवर साय धरल्यासारखा पांढुरका थर होता, आणि मधोमध एक ठिपका. ठिपक्याभोवती मात्र गोल, स्वच्छ, मोकळी जागा.

"हे टक्कल कशाचं?" सारजाबाईनं विचारलं. "आमच्या कडूबाचं असंच हाय."

"पांढरा थर आहे तो तुमच्या जुन्या विरजणातले जंतू. दही तेच लावतात. मधला ठिपका लक्ष्मीमावशीच्या दह्यातल्या जंतूंचा. त्याच्या आसपास तुमचा एक जंतू वाढला नाही. सगळे मेले."

"मी म्हटलं नव्हतं का, करणी!"

"करणी नाही, प्रथिन. मला आधी वाटलं आंबटपणानं मेले असतील, म्हणून तो मारून पाहिला, तरी टक्कल पडलंच. मग प्रथिनाचे तुकडे करणारं औषध घातलं, तर टक्कल पडेना. म्हणजे विष प्रथिनाचंच. लक्ष्मीमावशीचे जंतू ते बनवतात आणि बाहेर सोडतात. बॅक्टेरिओसिन म्हणतात त्याला."

सारजाबाईनं पाट ओढून घेतला आणि ऐसपैस बसली. लक्ष्मीच्या घरात विष बनतं, हे तिनं किती वर्षं शेळीला सांगितलं होतं, आणि आज शिकलेली पोरगी तेच म्हणत होती! "मारतं कसं, ते सांग. सावकाश सांग," ती म्हणाली.

वहिदानं सांगितलं. जंतूच्या अंगाभोवती भिंत असते आणि तिच्या आत पातळ पडदा. जंतू वाढायचा तर भिंत वाढवावी लागते, आणि तिच्या विटा आतून पडद्यातून बाहेर न्याव्या लागतात. हे प्रथिन येतं आणि वीट वाहणाऱ्यालाच धरतं. बांधकाम थांबतं. मग तिथंच त्याचे आणखी सोबती जमतात आणि सगळे मिळून पडद्याला भोक पाडतात. आतले क्षार गळतात, जंतूची ताकद गळते, आणि तो रिता होऊन मरतो. गाडग्याला चीर गेल्यावर दूध जावं तसं.

"किती येळात?"

"मिनिटांत."

"बोंब मारायलाबी सवड न्हाई मग," सारजाबाई हळहळली. आता ते जंतू तिला घरचेच वाटू लागले होते. "आन ज्यो इख बनवतो त्यो कसा मरत नाय?"

"त्याचा स्वतःपुरता बंदोबस्त असतो. पडद्याबाहेर पहारेकरी ठेवलेले असतात. विष जवळ आलं की ते धरून ठेवतात, आणि जे आत घुसू बघतं ते पडद्यातूनच परत बाहेर ढकलतात. ज्याच्याकडं विष बनवायची विद्या, त्याच्याकडंच उताराही."

"लक्ष्मीचंच इरजण ते," सारजाबाई म्हणाली. "शोभतं."

वहिदाला आता रंग चढला. असली प्रथिनं नाना तऱ्हेची असतात, असं तिनं सांगितलं. काही तर दुसऱ्या जातीच्या जंतूंमध्ये असतात. ती समोरच्याच्या दारातून, जे दार त्यानं अन्न आत घ्यायला ठेवलेलं असतं त्याच दारातून शिरतात, आणि आत जाऊन त्याच्या वंशाची पोथीच फाडतात. आणि ते विष बाहेर पडावं म्हणून बनवणाऱ्यांपैकी एखादा स्वतः फुटून मरतो. बाकीचे त्याचे भाऊ जगतात.

"सोता मरतो? भावासाटी?" सारजाबाईनं जरा विचार केला. "असा आमच्या खानदानात कुनी नाय झाला."

वहिदानं दुसरी बशी काढली. इथं थर वेगळ्याच जंतूंचा होता, दह्याशी काही नातं नसलेल्या. मधे लक्ष्मीबाईचा तोच ठिपका, आणि भोवती टक्कल नाही.

"ह्यांना का नाय मारलं?"

"परके आहेत. हे विष बहुतेक करून जवळच्यांनाच लागू पडतं. जे त्याच जागेवर राहतात, तेच खातात, त्यांना."

सारजाबाई बशीकडं बघत राहिली. "म्हंजी भाऊबंदकीच की गं," ती म्हणाली.

"हेच शिकवायला आमच्या सरांना अख्खा तास लागला!" वहिदा हसली. मग तिनं डबा बंद केला आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "मावशी, तुमच्या आताच्या गाडग्यांत तुमचे जंतू जवळजवळ उरलेच नाहीत. सगळे लक्ष्मीमावशीचे आहेत. ते गल्ली ओलांडून चालत आले का?"

सारजाबाईनं बाहेर पाहिलं, आत पाहिलं, शेळीकडं पाहिलं. कुणाचीच मदत मिळेना.

"वाटणीतली एक पळी उरली व्हती माझी," ती पुटपुटली.

वहिदा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिनं उरलेलं सांगितलं. लक्ष्मीबाईचे जंतू संथ. ते दूध हळूहळू आंबवतात, म्हणून तर दही गोड. सारजाबाईचे तरतरीत होते, रात्री लावलं की पहाटे तयार. त्यांना या संथ मंडळींनी मारून टाकलं, आणि स्वतःला रात्र पुरेना. म्हणून पहाटे दूध आणि दुपारी दही. आयत्या बिळावर नागोबा बसला होता, पण नागोबाला उशिरा उठायची सवय होती.

"लक्ष्मीमावशी दही कधी लावतात?"

"आळशी हाय ती. सकाळच्याच दुधाचं लावती, दुपारी. मंग झोपा काढती."

"आळशी नाहीत, त्यांना जमलंय ते. आता तुमच्यापुढं दोन वाटा. अम्मीच्या गाडग्यातलं तुमचं जुनं विरजण घ्या, कोऱ्या गाडग्यांत लावा, तुमचं दही परत मिळेल. किंवा आहे हेच दुपारी लावा, गोड होईल."

सारजाबाईनं जुनं विरजण परत मागून घ्यायचं ठरवलं, पण वलीम्यानंतर. बाजारात शब्द दिला होता तो गोड दह्याचा. तिनं वहिदाला तिच्या होणाऱ्या वहिनीची शपथ घातली, की यातलं अक्षर बाहेर जायचं नाही. वलीम्याच्या आदल्या दुपारी तिनं फुलंब्रीहून आलेल्या सकाळच्या दुधाला विरजण लावलं आणि दार लावून त्या गाडग्यांच्या पहाऱ्यावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला चोरीची भीती वाटत होती. सकाळी सगळी गाडगी लागलेली होती.

इब्राहीमभाईंच्या अंगणात मांडव पडला. कनातीच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. गोश्त न खाणाऱ्यांसाठी भाज्यांची बिर्याणी वेगळ्या देगेत होती. रईसाभाभीनं गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं, आणि तिनं काही मुद्दाम केलं असेल असं नाही, पण सारजाबाई आणि लक्ष्मीबाई दस्तरखानावर शेजारी शेजारी बसल्या. मांजर, शेळी दोन्ही घरी. दोघी समोर बघून जेवू लागल्या.

तेवढ्यात कनातीपलीकडून इब्राहीमभाईंचा देगेसारखा मोठा आवाज आला. "सारजाआपा! जबान रखी तुमनं! समधीसाहेबांनी तिसऱ्यांदा दही मागितलं! म्हणतात, असा मीठा दही जालन्यात नाय!"

सगळ्या बायकांनी सारजाबाईकडं पाहिलं. ती फुगली. आणि नेमका त्याच क्षणी लक्ष्मीबाईनं दही तोंडात घातलं.

लक्ष्मीबाईचा हात थांबला. तिनं ते दही जिभेवर फिरवलं, गिळलं, आणि मान वळवून सारजाबाईकडं पाहिलं. स्वतःचं लेकरू दुसऱ्याच्या अंगणात दिसावं, तसं. पाण्याचा जग घेऊन आलेली वहिदा जागच्या जागी उभी राहिली.

सारजाबाईला वाटलं, आता ही बोंबलणार. उत्तर तयार होतं. चोरी कुणी पाहिली, साक्षीदार कोण, शेळी? पण लक्ष्मीबाई बोलली नाही. तिनं खाली मान घातली आणि दुसरा घास घेतला. ओरडली असती तर सारजाबाई तिला पुरून उरली असती. त्या गप्प राहण्यापुढं तिचं काही चालेना. तिला लाज वाटली. खरोखरची, कानाच्या पाळ्या गरम करणारी लाज, आणि ती काही तिच्या सवयीची नव्हती.

"इब्राहीमभाई!" ती कनातीकडं तोंड करून ओरडली. "दही मी लावलं, पर इरजण माझं नाय. लक्ष्मीचं हाय. मी चोरलं!"

बायकांचे घास हातातच राहिले. पलीकडं समधीसाहेबांचंही खाणं थांबलं असावं.

"जाऊबाई," लक्ष्मीबाई म्हणाली. इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकून सारजाबाई दचकलीच. "एकदाच चोरलं का?"

"चार-पाचदा."

"मंग तुम्ही लईच साध्या," लक्ष्मीबाई म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "मी तर वाटणी झाली तवापासनं चोरते. तुम्ही बाजारात गेल्या की. दर आठ-पंधरा दिवसाला. माझं घट्ट होत नाय म्हनून तुमचं घालून बघते. काय केल्या लागतच नाय! मला वाटायचं, तुम्ही मंतर मारून ठिवता."

वहिदाच्या हातून जग कलंडला. "लागंल कसं, मावशी! तुमच्या गाडग्यात गेलं की मरतं ते!"

"कोन मेलं?" लक्ष्मीबाई घाबरली.

"थांब गं पोरी," सारजाबाईनं वहिदाला गप्प केलं. तिला आठवलं, गल्लीत उतरलेला तो चेहरा. "म्हंजी त्या दिशी, मी करणी म्हटलं..."

"मला वाटलं, तुम्हाला समजलं माझं. आता भर गल्लीत आब्रू जानार."

"अगं पर तुझं एवढं गोड दही! भटारी तुझ्या दारात यायला निघाले व्हते. तुला माझं आंबट कशाला लागतंय?"

लक्ष्मीबाई पानातली शितं एका जागी गोळा करत बसली.

"आत्याबाईचं खरं इरजण तुमच्याकडं गेलं, असं वाटायचं मला," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्या हातचं. मला आपलं वरवरचं आलं. त्यातलं थोडं तरी माझ्या घरात आसावं, म्हनून न्यायची."

सारजाबाईनं हातातला घास परत पानात ठेवला. भागूबाईनं दोघींनाही विरजण लावायला शिकवलं होतं, दुधात करंगळी बुडवून ऊब कशी ओळखायची ते दाखवलं होतं. सासूसाठी रडायचं तर दोघींनी मिळून रडायला हवं होतं, आणि त्या पळीवरून भांडत बसल्या. सगळं आयुष्य तसंच गेलं.

"मला वाटायचं, तुझ्याकडं गेलं," ती म्हणाली. "तुझं गोड लागायचं ना, म्हनून."

दोघींच्या डोळ्यांना धार लागली. आजूबाजूच्या बायकाही, काय चाललंय ते नीट न कळता, डोळ्यांना पदर आणि ओढण्या लावू लागल्या. सारजाबाईनं नाक पुसलं, लक्ष्मीबाईच्या पानातलं बोटभर दही उचलून तोंडात टाकलं आणि बराच वेळ चव घेतली.

"लक्ष्मे, आता झालं गेलं सोड," ती म्हणाली. "पर खरं सांग. साखर घालतीस ना?"

"काय बोलता जाऊबाई!" लक्ष्मीबाईनं पान पुढं ढकललं. "आत्याबाईच्या इरजणात मी साखर घालीन? तुमच्याच दह्यात चुना आसतो, समदी छावणी म्हनती, त्याबिगर का ते डोक्यावर धरलं तर पडत नाय?"

"चुना? माझ्या दह्यात चुना?"

पंगत उठली, समधीसाहेब जालन्याला निघाले, नवरीच्या माहेरच्या बायका निरोप घेऊन गेल्या, तरी त्या दोघी समोरासमोर बसून तोंडावर भांडत होत्या. रईसाभाभीनं त्यांना हात धुवायचं पाणी तिथंच आणून दिलं.